मे महिन्यात मिल लॅक्सवर: गार पाण्यातला वॉलाय कसा धरावा

एप्रिल संपत आला की मिनियापोलिसच्या आसपासची आपली मंडळी फोन करून विचारू लागतात, "ओपनरला जायचंय, कुठे जाऊ आणि गळाला काय लावू?" फोनवर अर्धवट काहीतरी सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. हे मिनेसोटातल्या मिल लॅक्स या एका तळ्यापुरतं आहे. शहरातून हायवे १६९ धरून उत्तरेला साधारण शंभर मैल गेलं की ओनेमियाच्या पुढे उजव्या हाताला ते दिसू लागतं. मासे धरायला मी सगळ्यात जास्त तिथेच जातो, त्यामुळे जे सांगतोय ते तिथल्या पाण्याचं आहे.

ओपनर म्हणजे वॉलाय या इथल्या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडतो तो दिवस. मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) सुट्टीतल्या शनिवारच्या बरोबर दोन आठवडे आधीचा शनिवार. २०२५ मध्ये तो १० मेला आला, २०२६ मध्ये ९ मेला. तारीख अशी कायद्याने ठरलेली असते, पण त्या दिवशी तळं कुठल्या अवस्थेत असेल ते दर वर्षी वेगळं. मिल लॅक्सचा बर्फ सर्वसाधारणपणे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जातो. २०१३ मध्ये ओपनर ११ मेला होता आणि बर्फ गेला १६ मेला. हिवाळा लवकर सरला तर त्याच तारखेला पाणी इतकं उबदार असतं की मासा केव्हाच काठ सोडून आत गेलेला असतो. त्यामुळे "मागच्या वर्षी अमुक ठिकाणी मिळाला होता" या माहितीचा सुरुवातीच्या हंगामात फारसा उपयोग नाही.

मी देवगडच्या खाडीकाठचा. तिथे गरी घेऊन निघण्याआधी आजोबा तिथी विचारायचे. उधाण आहे की भांग (लहान भरती), भरती किती वाजता लागते, एवढं कळलं की कुठल्या खडकावर बसायचं ते ठरायचं. तळ्याला भरती-ओहोटी नाही. इथे तिथीच्या जागी दोन गोष्टी बघायच्या: पाण्याचं तापमान आणि वारा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या दोन गोष्टींवरून ठरतं.

आधी थर्मामीटर

मत्स्यटाकीत किंवा पोहण्याच्या तलावात वापरतात तसला साधा थर्मामीटर घ्या, त्याला चार-पाच फूट सुतळी बांधा. काठावर किंवा बोटीत पोचलात की तो तीन-चार फूट खोल सोडून दोन मिनिटं तसाच राहू द्या. बोटीवरच्या सोनारवर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, तापमान दिसतं, पण ते वरच्या थराचं. ऊन पडलेलं असेल आणि वारा नसेल तर वरचं पाणी चांगलंच तापतं आणि मासा असतो तिथलं पाणी गारच असतं. एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी मोजा. उत्तरेकडच्या काठाचे उथळ, काळपट तळाचे कोपरे दक्षिणेचं ऊन दिवसभर घेतात, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला असतात आणि आधी तापतात. तळ्याच्या दोन काठांमध्ये चार-पाच अंशांचा फरक सहज सापडतो.

आकड्यांचा अर्थ असा. इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात म्हणून मीही तेच वापरतो.

पाणी सगळ्यात जड असतं ३९ अंशांना, म्हणजे ४ सेल्सियसला. बर्फ गेल्यावर वरचं पाणी तापत तापत त्या अंशाला येतं तेव्हा वारा अख्खं तळं वरपासून खालपर्यंत घुसळू शकतो आणि प्राणवायू सगळीकडे पोचतो. उन्हाळ्यात पुष्कळ खोल तळ्यांमध्ये खालच्या थरात प्राणवायू कमी पडतो आणि मासा एका ठरावीक खोलीवर अडकतो. तसं बंधन वसंतात नसतं. तो अन्न आणि वीण या दोन कारणांनीच हलतो.

४२ ते ५० अंशांच्या दरम्यान वॉलाय अंडी घालतो. जागा म्हणजे गोटे आणि खडी असलेला, लाटा धुवून काढतात असा काठ किंवा ओढ्याचं मुख. खोली एक ते सहा फूट, वेळ रात्रीची. नर आधी येतात आणि शेवटपर्यंत रेंगाळतात. मादी अंडी टाकून निघून जाते आणि पुढे काही दिवस तिचं खाण्याकडे फारसं लक्ष नसतं. म्हणून ओपनरला पाणी गार असेल तर उथळात मिळणारे मासे बहुतेक मध्यम आकाराचे नर असतात. मोठी मादी धरायची म्हणून पहिल्याच दिवशी खोल पाण्यात तासन्‌तास घालवू नका.

४५ च्या खाली असेल तर फार आशा ठेवू नका. संध्याकाळचे दोन तास तेवढे प्रयत्न करा. ४५ ते ५० मध्ये जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) आणि जिवंत छोटा मासा, तोही अगदी सावकाश. ५० ते ५५ हा नवख्या माणसासाठी सगळ्यात चांगला काळ: मासा अजून उथळात असतो आणि भुकेलेलाही असतो. ५५ च्या पुढे तो नव्या फुटलेल्या पाणवनस्पतींच्या कडेला आणि पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर पसरतो. साठी ओलांडली की जून आला, तळातून मेफ्लाय नावाचे किडे निघू लागतात, मासा त्यांच्यावरच पोट भरतो. तो विषय वेगळा.

मग वारा

वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिकडे जायचं. आडोशाच्या काठावर बसायला बरं वाटतं, पण मासा समोरच्या काठाला असतो. दोन दिवस नैऋत्येचा वारा वाहिला की वरचं कोमट पाणी ईशान्येला, मालमोच्या बाजूला ढकललं जातं. त्याबरोबर सूक्ष्म जीव जातात, त्यांच्यामागे छोटे मासे आणि त्यांच्यामागे वॉलाय.

दुसरं कारण उजेडाचं. वॉलायच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. रात्री बॅटरी मारली तर डोळे मांजरासारखे चमकतात. भर उन्हात मात्र तो उथळ पाणी टाळतो. मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा मसल हे बाहेरचे शिंपले सापडले. ते पाणी गाळून पितात, त्यामुळे तळं पूर्वीपेक्षा बरंच नितळ झालंय आणि उजेड खोलवर जातो. म्हणून आता इथे लाट, ढग आणि तिन्हीसांज यांना फार महत्त्व आहे. निवांत, निळ्याभोर दुपारी सहा फूट पाण्यात गळ टाकून बसण्यात अर्थ नाही. त्या वेळात जेवून घ्या, जागा हेरून ठेवा, तापमान मोजा. मेच्या मध्यावर इथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. साडेसात ते साडेनऊ हे तास काहीही करून हातचे सोडू नका. पहाटेचाही उपयोग होतो, पण मेमध्ये पहाटेचं पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं, म्हणून मला संध्याकाळ जास्त भरवशाची वाटते. रात्रीच्या मासेमारीवर मिल लॅक्सला काही वर्षी बंदी राहिली आहे, तेव्हा उशिरापर्यंत थांबण्याआधी त्या वर्षीचा नियम बघा.

हाच वारा धोक्याचाही आहे, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. मिल लॅक्स सव्वा लाख एकरांहून मोठं आणि जेमतेम ४२ फूट खोल. मध्ये अडवायला काही नाही. अशा पसरट, उथळ पाण्यावर लाट लवकर उठते आणि उभी उठते. सोळा फुटी बोट असेल आणि अंदाजात ताशी पंधरा मैलांच्या वर वारा दाखवत असेल तर काठ सोडू नका. लाटांची टोकं पांढरी दिसू लागली की मासा लागत असला तरी परत फिरायचं.

पन्नास अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं ते प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं. धाप लागते आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर शुद्ध जायला साधारण एक तास. पोहता येणं न येणं यात फारसं आडवं येत नाही, तरंगत राहणं महत्त्वाचं. लाइफ जॅकेट बोटीत असून चालत नाही, अंगात पाहिजे, आणि पट्टे आवळलेले पाहिजेत. दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं मिनेसोटाच्या कायद्याने सक्तीचं आहे. माझ्या बोटीत ते सगळ्यांना सक्तीचं आहे, मग पाहुणे कितीही मोठे असोत.

कपडे घरून निघतानाच्या हवेवर ठरवू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्यावर सकाळी गोठणबिंदूच्या आसपास पारा असतो, कधी बर्फही भुरभुरतो. लोकरी टोपी, आत थर्मल, वरून वारा अडवणारं जॅकेट आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे. सुती जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

बोट नसेल तर

आयल गावाला लागून फादर हेनेपिन स्टेट पार्क आहे, तळ्याच्या आग्नेय काठावर. मासे धरायला धक्का आहे, काठ खडकाळ आहे, मुलांना पळायला जागा आहे आणि गाडीचा परवाना काढला की दिवसभर बसता येतं. वायव्येकडून वारा असेल तर तो बरोबर या काठावर येतो. असा दिवस साधून जा.

आईवडील भारतातून आलेले असतील किंवा घरात लहान मुलं असतील तर मी लाँच सुचवतो. ही मिल लॅक्सची जुनी पद्धत. मोठी सपाट बोट, तांडेल त्यांचा, एका वेळी वीस-पंचवीस माणसं, तीन-चार तासांची फेरी. रॉड आणि आमिष बहुतेक ठिकाणी तेच देतात. बऱ्याच लाँचवर स्वच्छतागृहही असतं, फोन करताना ते मुद्दाम विचारून घ्या. मोठ्या बोटीला लाट कमी जाणवते आणि जागा शोधायचं काम तांडेल करतो.

सामान

साडेसहा ते सात फुटी, मीडियम-लाइट, टोकाशी लवणारा रॉड. २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ. सहा पौंडी मोनो दोर, ज्याला आपल्याकडे किनाऱ्यावर तंगूस म्हणतात. जाड दोर घेण्याचा मोह होतो, पण नितळ पाण्यात तो मासा बघतो आणि हलका जिग जाड दोरावर नीट खालीही जात नाही. दात असलेला नॉर्दर्न पाइक मासा मधूनच येईल आणि दोर कापून जाईल. जाऊ द्या. त्याच्यासाठी गळाच्या आधी तारेचा तुकडा (लीडर) लावला तर वॉलाय कमी लागतो.

जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ. १/८ औंसाचे जास्त घ्या, थोडे १/१६ चे. नियम एवढाच की तळाला टेकल्याचं हाताला कळेल इतपत, त्याहून हलका चालेल तेवढा बरा. पोपटी, गुलाबी, सोनेरी असे दोन-तीन रंग पुरतात. रंगावर दुकानात तासभर घालवू नका, तो पैसा आणि वेळ आमिषावर घालवा. शक्य तिथे शिशाऐवजी टंगस्टन किंवा कथलाचं वजन घ्या. या तळ्यावर लून पक्षी असतात, मिनेसोटाचा राज्यपक्षी. पचनासाठी ते तळाचे खडे गिळतात, त्यात शिशाची एखादी गोळी गेली तरी मरतात.

आमिष तळ्याजवळच्या दुकानातूनच घ्या. सुरुवातीला शायनर, म्हणजे छोटे चंदेरी जिवंत मासे, तीन इंचांच्या आसपासचे. महाग असतात आणि नाजूक असतात. बादलीतलं पाणी गार ठेवा, हवेचा छोटा पंप लावा आणि उन्हात ठेवू नका. शायनर संपले असतील तर फॅटहेड हे दुसरे छोटे मासे चालतात. पाणी पन्नाशी ओलांडून पुढे गेलं की जळवा घ्या. त्याआधी घेतल्या तर गार पाण्यात त्या मुटकुळं करून गळावर लोंबत राहतात, पोहत नाहीत. आपल्या लोकांना जळू हातात घ्यायची किळस वाटते, कारण पावसाळ्यात सह्याद्रीत पायाला चिकटणारी आठवते. आमिषाची ही जात माणसाचं रक्त पीत नाही. बोटाला चिकटते ती नुसती पकड घेण्यासाठी, ओढली की सुटते.

जिग कसा चालवायचा

शायनरच्या खालच्या ओठातून गळ घालून वरच्या ओठातून बाहेर काढा. लाट येते त्या काठाला समांतर, चार ते आठ फूट पाण्यात फेका. जिग तळाला टेकेपर्यंत थांबा. दोर सैल पडतो ते डोळ्यांनी दिसतं. मग रॉडचं टोक घड्याळात नऊवरून दहावर जातं तेवढंच, सावकाश उचला. पुन्हा खाली सोडा, आणि सोडताना दोर किंचित ताणलेला ठेवा, कारण निम्म्याहून अधिक वेळा मासा जिग खाली पडत असतानाच घेतो. तळाला टेकला की तीन-चार आकडे मोजा. मग पुढची उचल. पन्नास अंशांच्या खाली मी नुसता तळावरून ओढतो, उचलतही नाही. तुम्हाला वाटेल त्याच्या निम्म्या वेगाने करा आणि मग आणखी कमी करा. गार पाण्यात माशाचं शरीर मंद चालतं, पाठलाग करायला तो तयार नसतो, पण समोर आलेलं सोडत नाही.

लागल्याचं हाताला कळणं हेच इथलं मुख्य शिकण्यासारखं आहे. खाडीतली पालू कशी गरी घेऊन सुसाट सुटते, तसं वॉलाय करत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. रॉडच्या मुठीवर ठेवलेल्या तर्जनीला एकच बारीक "टक्" लागतो. पुष्कळदा तेवढंही नाही: जिग उचलायला जावं आणि ओलं फडकं अडकल्यासारखं वजन लागावं. गवत अडकलं तर वजन मेलेलं असतं. मासा असला तर त्या वजनात काहीतरी जिवंत हलतं. टक् लागला की लगेच हिसका देऊ नका. रॉडचं टोक फूटभर माशाकडे झुकवा, एक-दोन आकडे मोजा, दोर ताणून वजन आहे ना ते बघा आणि मगच रॉड बाजूला लांब ओढा. पाणी जितकं गार तितका हा थांबा मोठा. तर्जनी दोराला टेकवून ठेवली तर हे सगळं जास्त स्पष्ट कळतं.

तरंगा: मुलांसाठी आणि तिन्हीसांजेसाठी

दोरावर सरकणारा तरंगा, इथल्या भाषेत स्लिप बॉबर, मिल लॅक्सच्या खडकाळ उंचवट्यांवर फार चालतो. जिग खडकांत अडकतो, तरंग्याखालचं आमिष खडकांच्या वर लोंबतं.

जोडणी अशी. छोट्या नळीवर गुंडाळलेली दोऱ्याची तयार गाठ मिळते. नळीतून दोर ओवा, गाठ नळीवरून दोरावर सरकवा, नळी काढून टाका. दोन्ही टोकं थुंकी लावून आवळा आणि अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. अगदी बुडाशी कापली तर गाठ सुटते. मग एक बारीक मणी, त्याखाली तरंगा. गळाच्या फूट-दीड फूट वर कथलाच्या एक-दोन गोळ्या चिमटून बसवा, टोकाला सहा नंबरचा गळ किंवा १/३२ औंसाचा जिग. ती गाठ रॉडच्या कड्यांतून आणि रिळावर आरामात जाते, पण मण्यातून जात नाही. त्यामुळे फेकताना तरंगा गळाजवळ असतो आणि पाण्यात पडल्यावर दोर तुम्ही ठरवलेल्या खोलीपर्यंतच खाली जातो.

खोली ठरवायला गळाला थोडं जास्त वजन लावून सोडा. तरंगा आडवा पडला तर वजन तळाला टेकलंय. गाठ खाली सरकवत जा, तरंगा उभा राहिला की तिथून आणखी फूटभर कमी करा. आमिष तळापासून एक फूट वर राहिलं पाहिजे. जळू असेल तर तिच्या रुंद टोकाला जी चकती असते तिच्यातून गळ घाला, म्हणजे उरलेलं अंग मोकळं वळवळत राहतं. शायनर असेल तर पाठीवरच्या पराच्या पुढे कातडीखालून.

तरंगा बुडाला की मुलं लगेच रॉड वर ओढतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: बुडाला, की दोर गुंडाळायला लागायचं, वजन लागलं, की मग ओढायचं. अंधार पडायला लागल्यावर आत दिवा असलेले तरंगे वापरा. दोर ढिला पडू देऊ नका, वारा तो कमानीसारखा फुगवतो आणि ओढ माशापर्यंत पोचतच नाही.

मासा जवळ आला की जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि माशाचं डोकं जाळीत न्या. शेपटीकडून कधीच नाही.

कायदा

सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना सहसा परवाना लागतो. तो नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या संकेतस्थळावर किंवा आमिषाच्या दुकानातही मिळतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना बाहेरच्या माणसाचा परवाना काढावा लागतो. २४ तासांचा, ७२ तासांचा, सात दिवसांचा असे प्रकार आहेत. "आम्ही नुसता रॉड धरून बसलोय" हे कारण चालत नाही. मदर्स डेच्या शनिवार-रविवारी मिनेसोटात राहणाऱ्या आयांना परवान्याशिवाय मासे धरता येतात, आणि ओपनर पुष्कळदा त्याच आठवड्यात येतो. ज्या घरात बाईने अजून रॉड हातात घेतलेला नाही त्यांनी ही संधी घ्यावी. भारतातून पाहुण्या आलेल्या आईला ही सवलत लागू नाही.

मिल लॅक्सला किती वॉलाय ठेवता येतात आणि किती इंचांचे, हे दर वर्षी बदलतं. राज्याचा सर्वसाधारण नियम इथे लागू नाही. निघायच्या आदल्या रात्री डीएनआरच्या पानावर बघा आणि बोट उतरवायच्या जागेवर लावलेला फलकही वाचा. मोजपट्टी जवळ हवीच. काठाला येईपर्यंत मासा अख्खा ठेवा, लांबी मोजता आली पाहिजे.

हा आकडा दर वर्षी का बदलतो तेही समजून घ्या. हे तळं ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि जंगलातलं अन्न गोळा करायचा हक्क राखून ठेवला. तो हक्क कायम आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. तेव्हापासून तळ्यातला किती वॉलाय काढायचा हे राज्य आणि ओजिब्वे समाज मिळून ठरवतात. वसंतात त्यांची जाळी आणि भाले दिसतात ते याच हक्काने. त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा. बोटीच्या धक्क्यावर याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर मान डोलावू नका.

निघताना बोटीचं बूच काढा, आतलं सगळं पाणी तिथेच ओता, ट्रेलरवरचं गवत हाताने काढा. बूच काढलेलं ठेवूनच रस्त्यावर यायचं. आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणीही ओतायचं. शायनर ठेवायचे असतील तर घरून आणलेलं पाणी भरा, नको असतील तर कचऱ्याच्या डब्यात टाका. "बिचारे जगतील" म्हणून तळ्यात सोडायचे नाहीत. झेब्रा मसल आणि काटेरी पाणपिसू एका तळ्यातून दुसऱ्यात जातात ते अशाच चार थेंब पाण्यातून.

सोडायचा आणि ठेवायचा

मिल लॅक्सवर बरेच मासे सोडावे लागतात, म्हणून सोडायला शिका. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्याचं झाकण धारदार असतं आणि पाठीवरच्या पुढच्या पराला काटे असतात, तेव्हा पोटाखालून धरा. गळ खोल गेला असेल तर उपसू नका, दोर जवळून कापा. फोटो काढायचा तर कॅमेरा तयार ठेवून मगच मासा पाण्याबाहेर काढा. मेमध्ये पाणी गार असल्यामुळे नीट हाताळून सोडलेला मासा बहुधा जगतो. जुलै-ऑगस्टच्या कोमट पाण्यात तसं नसतं.

ठेवायचा असेल तर लगेच बर्फात. पोटातली घाण तळ्यात टाकू नका. मोठ्या माशात पारा साठलेला असतो, म्हणून नियमात बसणारा लहानच खायला बरा. गरोदर बायका आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याने कुठला मासा किती वेळा खावा हे वेगळं सांगितलं आहे. ते वाचूनच वाढा.

वॉलायचं मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य असतं. आमच्याकडे आगळ, हळद, लाल तिखट आणि मीठ लावून वीस मिनिटं ठेवतो. खाऱ्या पाण्यातला मासा नसल्यामुळे मीठ सुरमईपेक्षा थोडं जास्त लागतं. काप काढताना डोक्याकडच्या भागात मधोमध बारीक काट्यांची एक रांग असते, ती बोटाने चाचपून दोन्ही बाजूंनी तिरका छेद देऊन काढून टाका. मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. काप पातळ असतात, एका बाजूला तीन मिनिटं खूप झाली. जास्त ठेवले तर कोरडे पडतात.